अर्ध्या गोळीचा हिशेब

एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा गोषवारा असा:

वडील ७४ वर्षांचे. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पसरला आहे. कंबर आणि मांडीचं दुखणं साध्या गोळ्यांना दाद देईना, तेव्हा तीन आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनी मॉर्फिन, म्हणजे अफूपासून मिळणारं वेदनाशामक, सुरू केलं. १० मिलिग्रॅमची एक गोळी, दर चार तासांनी, दुखत असो वा नसो. परगावी असलेला मोठा भाऊ फोनवर म्हणाला, "बाबांना गर्दुल्ला करणार आहेस का?" मग बाईंनी इंटरनेटवर वाचलं की मॉर्फिन मेंदूतल्या 'म्यू' रिसेप्टरला, म्हणजे पेशीवरच्या रसायन पकडणाऱ्या एका जागेला, चिकटतं आणि हेरॉइनही तिथेच चिकटतं. तेव्हापासून त्या गोळी अर्धी मोडून देतात, तीही बाबा कण्हायला लागले की, म्हणजे दिवसातून तीनेक वेळा. डॉक्टरांना हे सांगितलेलं नाही. आता बाबा घड्याळाकडे बघत बसतात आणि वेळेआधीच गोळी मागतात. बाई विचारतात: ही व्यसनाचीच सुरुवात ना? रिसेप्टर कायमचे बिघडतात का? शरीर स्वतःचं मॉर्फिन तयार करतं म्हणे, मग तेच वाढवून गोळी टाळता येणार नाही का? आणि डॉक्टरांना आता कोणत्या तोंडाने सांगू?

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचे प्रश्न थांबू शकतात आणि हा थांबू शकत नाही.

डॉक्टरांना उद्या सकाळीच सांगा. "तीन आठवडे मी अर्धीच गोळी देत होते, तीही मागितल्यावर, कारण मला भीती वाटत होती." एवढं एक वाक्य पुरे. दुखणाऱ्या माणसांवर उपचार करण्यात माझी बरीच वर्षं गेली आणि हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता नवा रुग्ण आला की मीच आधी विचारते, "कागदावरचं राहू द्या, घरी खरंच किती देता?" कुणी रात्रीची गोळी गाळतं, कुणी पातळ औषधात पाणी घालतं. सगळे प्रेमानेच करतात. डॉक्टर क्षणभर रागावले तर रागावू द्या.

घाई का करते आहे, तर हिशेबामुळे. कागदावर बाबा दिवसाला ६० मिलिग्रॅम मॉर्फिन घेतात. तुमच्या पत्रावरून पोटात जातं ते जेमतेम १५. पुढच्या भेटीत बाबा म्हणणार, "अजून दुखतंय." डॉक्टर ६०चे ९० करणार, कारण त्यांच्या दृष्टीने ती अगदी माफक वाढ आहे. मग एखाद्या दिवशी तुम्ही घरी नसाल आणि दुसरं कुणी कागद वाचून, प्रामाणिकपणे, लिहिल्याप्रमाणे गोळ्या देईल. १५ची सवय असलेल्या शरीरात एका दिवसात सहापट औषध. मॉर्फिनमधला खरा धोका असा येतो, कागद आणि पोट यांच्यातल्या फरकातून. तुम्ही ज्या धोक्याला घाबरून गोळी मोडलीत त्याहून तो मोठा आहे.

आणि हो, हे वाचून आज रात्री पश्चात्तापाने एकदम पूर्ण डोस सुरू करू नका, बंदही करू नका. तीन आठवडे बाबांच्या शरीराने पाहिलेला डोस वेगळाच आहे. आता कुठून सुरुवात करायची हे डॉक्टर नव्याने ठरवतील, आणि तेही मूत्रपिंडाची तपासणी बघून, कारण मॉर्फिनचे यकृतात तयार होणारे काही अंश लघवीवाटे बाहेर पडतात. मूत्रपिंड मंदावलं तर ते साचतात. शेवटची तपासणी कधी झाली, एवढं फोन करण्याआधी शोधून ठेवा.

आता रिसेप्टर. तुम्ही वाचलंत ते खरं आहे. हेरॉइन आणि मॉर्फिन एकाच म्यू रिसेप्टरवर काम करतात. इतकंच कशाला, शरीरात गेल्यावर हेरॉइनचंच मॉर्फिन होतं. म्यू हे ग्रीक अक्षर निवडलं गेलं तेही मॉर्फिनच्या 'म'वरून. पण या माहितीतून तुम्ही काढलेला अर्थ असा दिसतो, की हा रिसेप्टर म्हणजे मेंदूतली व्यसनाची जागा. इथे जरा थांबू.

हा रिसेप्टर १९७३ मध्ये सापडला, तोही तीन ठिकाणी जवळजवळ एकाच वेळी: बाल्टिमोरला कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर, न्यूयॉर्कला एरिक सायमन, स्वीडनमधल्या उप्सालाला लार्स टेरेनियस. शोधाचा आनंद ओसरण्याआधीच एक अवघड प्रश्न उभा राहिला. अफूच्या बोंडातल्या चिकासाठी माणसाच्या मेंदूत आधीपासून जागा राखून ठेवलेली का असावी? बरं, ती फक्त माणसात नाही, पाठीचा कणा असलेल्या कितीतरी प्राण्यांत आहे, आणि ते काही अफूच्या शेतात वाढलेले नाहीत. उत्तर एकच संभवत होतं: ही जागा शरीराच्या स्वतःच्या कुठल्यातरी रसायनाची असणार. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनला जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांनी डुकरांच्या मेंदूतून ते वेगळं काढलं. पाच-पाच अमिनो आम्लांचे दोन चिमुकले रेणू. त्यांना नाव दिलं एन्केफॅलिन, म्हणजे 'डोक्यातलं'. पुढे एंडॉर्फिन आलं. त्या नावाचा अर्थच 'आतलं मॉर्फिन'.

थोडक्यात, घर शरीराचं आहे. मॉर्फिन तिथला पाहुणा आणि हेरॉइनही पाहुणाच.

हा रिसेप्टर करतो काय? कंबरेच्या हाडातून निघालेली वेदनेची खबर नसेवाटे मज्जारज्जूत पोचते. तिथे पहिली पेशी दुसऱ्या पेशीला निरोप देते आणि तो वर मेंदूकडे जातो. या दोघींच्या भेटीच्या जागी म्यू रिसेप्टर दाटीने बसलेले असतात. ते जागे झाले की पहिल्या पेशीतल्या कॅल्शियमच्या वाटा मिटतात, त्यामुळे तिला निरोपाचं रसायन सोडता येत नाही. दुसऱ्या पेशीतून पोटॅशियम बाहेर वाहतं आणि ती सुस्तावते. निरोप तिथेच विरतो. शिवाय मेंदूच्या मध्यभागी एक करडा भाग आहे, तो वरून खाली मज्जारज्जूला दटावतो, "आता पुरे." तिथेही हाच रिसेप्टर. युद्धात जखमी झालेला सैनिक काही काळ जखम विसरून पळतो, ते या दटावणीच्या जोरावर.

मात्र हाच रिसेप्टर श्वासाची लय राखणाऱ्या मेंदूच्या देठात आहे, खोकल्याच्या आणि उलटीच्या केंद्रात आहे, आतड्यांच्या भिंतीतल्या नसांच्या जाळ्यात आहे. आणि सुखाची जाणीव देणाऱ्या डोपामिनच्या पेशींवरचा ब्रेक ज्या शेजारच्या पेशी धरून बसतात, त्यांच्यावरही आहे. मॉर्फिन गिळल्यावर ते पत्ता विचारून एकाच ठिकाणी जात नाही, सगळीकडे पोचतं. म्हणून दुखणं थांबतं आणि शौचालाही होत नाही. १९९६ मध्ये ब्रिजिट कीफर यांच्या चमूने म्यू रिसेप्टरचं जनुकच काढून टाकलेले उंदीर तयार केले. त्या उंदरांना मॉर्फिन दिलं तर वेदना कमी झाली नाही, त्याची गोडी लागली नाही, आणि ते बंद केल्यावर त्रासही झाला नाही. तिन्ही गोष्टी एकाच दाराने येतात.

म्हणजे तुमचा भाऊ अर्धा बरोबर आहे. चांगल्या मॉर्फिनचं दार वेगळं आणि वाईटाचं वेगळं, असं नसतं. डॉक्टर मंडळी कधीकधी घाईत "काही होत नाही हो" म्हणून हा मुद्दा झटकतात, ते मला पटत नाही. त्याने शंका आत तशीच राहते आणि मग माणसं घरी गोळ्या मोडतात.

भावाचं चुकतं कुठे, तर तो दोन वेगळ्या गोष्टींना एकाच नावाने हाक मारतो. रोज मॉर्फिन मिळालं की पेशी जुळवून घेते. काही रिसेप्टर आत ओढले जातात, काही ढिले पडतात, आणि दडपलेलं काम भरून काढायला पेशी आतली यंत्रणा वाढवते. आता औषध एकाएकी बंद केलं तर ही वाढलेली यंत्रणा मोकाट सुटते: नाक वाहतं, अंगावर काटा येतो, जुलाब होतात, पोटात पेटके येतात, जीव कासावीस होतो. याला शरीराची सवय म्हणा. काही आठवडे नेमाने मॉर्फिन घेणाऱ्या बहुतेकांना ती लागते, बाबांनाही लागेल. पण रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि स्टिरॉइडही असेच एकदम बंद करता येत नाहीत, हळूहळू उतरवावे लागतात. स्टिरॉइड घेणाऱ्याला कुणी व्यसनी म्हणत नाही.

व्यसन वेगळं. तिथे माणूस आपलं नुकसान दिसत असूनही पदार्थाच्या मागे धावतो, त्यासाठी खोटं बोलतो, नाती आणि कामं एकेक करून सोडून देतो. यात औषध किती वेगाने मेंदूत शिरतं यालाही फार महत्त्व आहे. शिरेतून किंवा धुरातून घेतलेलं हेरॉइन काही सेकंदांत मेंदू गाठतं आणि तो झटका मेंदू लक्षात ठेवतो. गिळलेली गोळी पोटातून, यकृतातून वाट काढत हळूहळू चढते. नेमाने घेतली तर रक्तातली पातळी फारशी हलतच नाही. झटका नाही, आणि दोन डोसांमध्ये खड्डाही नाही.

आता तुमच्या घरात काय चाललंय ते या नजरेने बघा. गोळीचा असर साधारण चार तास टिकतो. तुम्ही देता अर्धी, आणि देता दुखणं उसळल्यावर. ती लागू पडायला अर्धा-पाऊण तास जातो, थोडी उसंत मिळते, की पुन्हा कण्हणं. बाबांनी शिकलेला धडा असा: कण्हल्याशिवाय गोळी नाही, आणि मिळाली तरी पुरत नाही. या जागी मी असते तर मीही घड्याळाकडे बघितलं असतं. लंडनमध्ये डॉक्टर सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारातल्या रुग्णांची काळजी घेणारं रुग्णालय, सुरू केलं, तेव्हा त्यांचा आग्रहच होता की दुखणं परतण्याआधी पुढचा डोस द्यायचा, रुग्णाला मागायला लावायचं नाही. तुमच्या कागदावरचं "दुखत असो वा नसो" आलं ते याच विचारातून. नेहमीच्या डोसांच्या मधेच दुखणं उसळलं तर द्यायचा जादा छोटा डोस किती आणि किती वेळा, हेही उद्या डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

डोस नीट बसल्यावर आठवडाभर फक्त बघा. घड्याळाकडे बघणं कमी झालं, बाबा गोळीऐवजी दुसऱ्या कशाबद्दल बोलू लागले, तर ते व्यसन नव्हतंच, दुखणं होतं. आणि समजा, डोस पुरेसा असूनही मागणी वाढतच गेली, बाबा दुखण्यापेक्षा मन हलकं करायला किंवा झोप यायला गोळी मागू लागले, तर ते डॉक्टरांना सांगा. त्यामागे भीती असू शकते, नैराश्य असू शकतं, आजार पुढे सरकलेला असू शकतो. निदान तुम्ही करू नका, फक्त निरीक्षण कळवा.

भीती अगदीच हवेतून आलेली नाही, हेही लिहायला हवं. १९८० मध्ये अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांचं पाच वाक्यांचं पत्र छापून आलं. त्यात म्हटलं होतं की रुग्णालयात अशी औषधं मिळालेल्या ११,८८२ रुग्णांत व्यसनाची ठोस नोंद असलेले फक्त चार सापडले. हे रुग्णालयातले, देखरेखीखालचे रुग्ण. घरी महिनोन्महिने गोळ्या घेणारे नव्हेत. पण पुढची कितीतरी वर्षं ते पत्र "मॉर्फिनच्या जातीच्या औषधांनी व्यसन लागत नाही" याचा पुरावा म्हणून नाचवलं गेलं. २०१७ मध्ये मोजणी झाली तेव्हा त्याचा ६०८ वेळा उल्लेख झालेला आढळला. पाठदुखीसारख्या लांबणाऱ्या दुखण्यांवर तिथे सढळ हाताने गोळ्या लिहिल्या गेल्या आणि त्यातून असंख्य माणसं व्यसनात सापडली, मेली. भावाने बहुधा त्याच बातम्या वाचल्या असतील. आता गंमत बघा: एका पत्रावर विसंबून तिकडे डॉक्टर गोळ्या वाटत सुटले आणि एका फोनवर विसंबून इकडे तुम्ही गोळ्या मोडू लागलात. दोन्हीकडे समोरच्या माणसाकडे बघायचं राहून गेलं.

कॅन्सरच्या रुग्णाला व्यसन लागूच शकत नाही, असं मी म्हणणार नाही. आधी दारूचं किंवा कशाचं व्यसन होऊन गेलं असेल, घरात तसा इतिहास असेल, तर शक्यता वाढते. बाबांच्या बाबतीत असं काही असेल तर लाजू नका, सांगा. मग डॉक्टर कमी दिवसांच्या गोळ्या देतील, मोजणी ठेवतील, लवकर बोलावतील. दुखणारं हाड तसंच सोडून मात्र देणार नाहीत.

रिसेप्टर कायमचे बिघडतात का? ते दगडात कोरलेले नसतात. पेशी जुने मोडते, नवे घडवते, आत घेतलेले पुन्हा बाहेर मांडते. डोस टप्प्याटप्प्याने उतरवला की पेशीही आपली वाढवलेली यंत्रणा आवरती घेते. मॉर्फिन घेता घेता काही परिणाम बोथट होतात, आणि ते बरंच आहे, कारण मळमळ आणि गुंगी बहुतेकांची काही दिवसांत ओसरते. दुखण्यासाठी मात्र डोस वाढवावा लागला तर लगेच "औषध पचायला लागलं" म्हणू नका. पुष्कळदा हाडातला आजार वाढलेला असतो. क्वचित उलटंच घडतं, डोस वाढवावा तसं अंग जास्त हुळहुळं होतं आणि साधा स्पर्शही सोसत नाही. तेव्हा डॉक्टर औषध बदलतात.

आतडी हा याला अपवाद. तिथल्या रिसेप्टरला सवय अशी होतच नाही म्हटलं तरी चालेल. बद्धकोष्ठ पहिल्या दिवशी सुरू होतो तो मॉर्फिन चालू असेपर्यंत राहतो. जुलाबावरची लोपरामाइड ही गोळी याच गुणावर चालते. तीही म्यू रिसेप्टरलाच चिकटते, पण नेहमीच्या डोसात मेंदूत शिरू शकत नाही, म्हणून आतड्यांपुरतं काम करते. ती गोळी आपण बिनधास्त घेतो आणि मॉर्फिन म्हटलं की दचकतो, याची मला नेहमी मौज वाटते. ते असो. रेचक पहिल्या गोळीबरोबरच सुरू व्हायला हवं होतं. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. उद्या विचारा. मॉर्फिनला कंटाळून गोळ्या सोडणाऱ्यांत या एका त्रासाने बेजार झालेले पुष्कळ असतात.

आता "आतलं मॉर्फिन वाढवता येईल का" हा प्रश्न. सुंठीवाचून खोकला जात असेल तर कुणाला नको आहे! आणि तुमचा तर्क चुकीचा नाही. १९७८ मध्ये अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर एक प्रयोग झाला. निव्वळ खोट्या औषधाने ज्यांचं दुखणं कमी झालं होतं त्यांना नॅलोक्सोन दिलं, म्हणजे म्यू रिसेप्टर अडवून धरणारं औषध. तेव्हा दुखणं परत वाढलं. म्हणजे नुसत्या विश्वासानेही आतलं मॉर्फिन पाझरतं. तुम्ही गोळी देताना "हे घ्या, आता बरं वाटेल" म्हणता की कपाळाला आठ्या घालून "घ्या, पण जास्त मागू नका" म्हणता, यानेही फरक पडतो. हात हातात घेणं, रात्रीची झोप, बाबांच्या आवडीचं काही ऐकवणं, हे सगळं करा. पण याला मर्यादा आहे. एंडॉर्फिन गोळी करून गिळता येत नाही, पोटात त्याचे तुकडे होतात. आणि रक्तात सोडलं तरी मेंदूच्या आत फारसं शिरत नाही. कॅन्सरने पोखरलेल्या हाडाचा आवाज इतका मोठा असतो की आतलं मॉर्फिन आपल्या परीने आधीच पाझरत असतं आणि तरी अपुरं पडतं. बाहेरची गोळी त्याच्या मदतीला जाते.

दुसरं म्हणजे शरीराजवळ काही सुखाचं एकच बटण नाही. म्यूबरोबर डेल्टा आणि कप्पा असे आणखी दोन भाऊ आहेत, आणि १९९४ मध्ये चौथा सापडला. त्याला चिकटणारं रसायन तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, ते पुढच्या वर्षी मिळालं, नाव नोसिसेप्टिन. कप्पा जागा झाला की वेदना कमी होते खरी, पण मन आंबट होतं, बेचैनी येते. तेव्हा "आतलं काहीतरी वाढवूया" म्हणताना नक्की काय वाढेल ते आपल्या हातात नसतं. वेदना थांबवेल पण श्वासाला आणि मनाला हात लावणार नाही, असं औषध शोधण्यात शास्त्रज्ञांची हयात गेली. २०१२ मध्ये या चारही रिसेप्टरांची घडण अणूअणूनिशी दिसली, तेव्हा आशा फार उंचावल्या होत्या. मॉर्फिन अजून जागेवर आहे.

गोळी कमी लागावी अशीच इच्छा असेल तर त्यासाठी चांगला प्रश्न हा: "या हाडांना रेडिएशन देऊन दुखणं कमी होईल का?" हाडात पसरलेल्या कॅन्सरच्या दुखण्यावर ते फार उपयोगी पडतं, पुष्कळदा एकाच बैठकीत काम भागतं. परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे लागू शकतात, तोवर मॉर्फिन लागेल, पुढे डोस उतरवताही येईल. हाडं टिकवणारी इंजेक्शनं असतात, त्याबद्दल विचारा. दुखणं जळजळीचं, विजेच्या झटक्यासारखं असेल तर तसं सांगा. ते नसेचं दुखणं, एकट्या मॉर्फिनला ते नीट जुमानत नाही, त्यावर वेगळ्या गोळ्या आहेत. आणि हे लक्षात ठेवा: पाठीत नवं दुखणं, पायांत कमजोरी किंवा बधिरपणा, लघवी अडणं यातलं काही दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याच तासाला रुग्णालय गाठा. मज्जारज्जूवर दाब येत असेल तर चालणारे पाय वाचवायला वेळ थोडा असतो.

श्वास थांबण्याची भीती तुम्ही लिहिलेली नाही, पण ती मनात असणार. डोस पायरीपायरीने वाढवला तर श्वासाचं केंद्र जुळवून घेतं, आणि दुखणं स्वतःही श्वासाला ढोसत असतं. धोका येतो तो उड्यांनी: एकदम मोठा डोस, सोबत झोपेची गोळी किंवा दारू, मूत्रपिंड मंदावणं. हलवूनही जाग येत नाही, श्वास अगदी विरळ झालाय, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तर गोळी थांबवून ताबडतोब मदत बोलवायची. तिथे नॅलोक्सोन देतात. ते काही मिनिटांत म्यूवरून मॉर्फिनला बाजूला सारतं, पण त्याचा असर तासा-दीड तासात उतरतो, म्हणून रुग्णाने डोळे उघडले तरी लगेच घरी आणायचं नसतं. हातपाय वारंवार दचकल्यासारखे उडणं, असंबद्ध बोलणं, नसलेली माणसं दिसणं, हेही त्याच दिवशी कळवायचं.

हा मजकूर वाचणाऱ्या इतरांसाठी एक-दोन गोष्टी इथेच सांगून टाकते. ताईंच्या गोळ्या चार तासांच्या, साध्या आहेत. त्या मोडल्याने औषधाचा गुण बदलत नाही. बारा तास चालणारी गोळी मात्र कधीही मोडायची, कुटायची नाही, बारा तासांचं औषध एकदम अंगात सुटतं. फेंटानिल या मॉर्फिनच्याच जातीच्या औषधाची चिकटपट्टी लावलेल्या जागी शेक द्यायचा नाही, उष्णतेने औषध जास्त ओढलं जातं. गोळ्या कुलुपात ठेवायच्या, उरलेल्या परत द्यायच्या, आणि "माझ्या गुडघ्यासाठी एक दे" म्हणणाऱ्या पाहुण्याला ठाम नाही म्हणायचं. एका वहीत वेळ, डोस, दुखणं दहापैकी किती आणि शौचाला झाली की नाही, एवढं लिहीत गेलं तर डॉक्टरांचं निम्मं काम होतं.

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात भाऊ बोलतो, डॉक्टर बोलतात, इंटरनेट बोलतं. बाबा फक्त गोळी मागताना बोलतात. त्यांना काय हवंय, हे पत्रात कुठेच नाही. मॉर्फिन हे नाव घरात आलं त्या दिवशी त्यांनी काय ओळखलं? बऱ्याच घरांत त्या शब्दाचा अर्थ "आता दिवस भरले" असा लावला जातो, आणि मग गोळी पुढे ढकलली की तो दिवसही पुढे जाईल, असं कुठेतरी वाटत राहतं. तुम्हाला आणि भावाला तसं वाटत असेल तर ते समजण्यासारखं आहे. पण त्याची किंमत बाबा मोजतात, तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात. त्यांना सरळ विचारा: किती दुखतं, गुंगी किती चालेल, कुणाशी बोलायचं राहिलंय, सकाळचा कुठला वेळ जागं राहायला हवा. डोस त्याप्रमाणे बसवता येतो.

भावाशी भांडू नका. त्याला डॉक्टरांच्या भेटीच्या वेळी फोनवर घ्या आणि त्याचा प्रश्न त्याच्याच तोंडून विचारू द्या. जमलं तर दोन रात्रींसाठी बोलवा, रात्री दोनची गोळी त्याच्या हातून जाऊ दे. फोनवरून कण्हणं ऐकू येत नाही.

नवा डोस सुरू झाला की पहिले दोन-तीन दिवस बाबा बरेच झोपतील. "बघ, मी सांगत होतो ना," असं घरात कुणीतरी म्हणेलच, आणि तुमचा हात पुन्हा गोळी मोडायला जाईल. त्यातली काही गुंगी औषधाची असेल, काही तीन आठवड्यांची थकलेली झोप असेल. दर थोड्या वेळाने जवळ जा, श्वास मोजा, नावाने हाक मारा. त्यांनी "ओ" दिली, ओळखीने बघितलं आणि कूस बदलून पुन्हा डोळे मिटले, तर झोपू द्या.